कापुली कधी उतरवायची

अब्दोन तोआपांताने आयुष्यभर दगड फोडले आणि एकही घाव फुकट घातला नाही, असं तो सांगायचा. तपासायला कोणी खाणीत गेलं नव्हतं, म्हणून चाउपिलोमा गावाने ते खरं मानलं होतं.

खाणीत तो आधी दगडाकडे बघत बसायचा. बाकीचे गडी घण उचलून धडाधड सुरू व्हायचे, आणि हा शीर कुठून कुठे जाते ते बघत बिडी संपवायचा. मुकादम नवा असला की ओरडायचा. जुना झाला की ओरडायचा नाही. मग अब्दोन उठायचा, छिन्नी लावायचा, आणि दगड जिथे फुटायला तयार असेल तिथे फुटायचा. अंबातो शहराच्या जुन्या रस्त्यांत त्याचे चिरे आहेत. ते कुठले, हे त्यालाही ओळखता येत नसे, पण तो तिथून जाताना खाली बघत चालायचा.

घरातही तेच. बाजारात एका फेरीत होईल ते काम दोन फेऱ्यांत करणारा माणूस त्याला आजारी वाटायचा. लग्नाचं विचारायला तो तारहेलियाच्या घरी एकदाच गेला होता. तिचे वडील म्हणाले, विचार करून कळवतो. अब्दोन म्हणाला, करा विचार, मी बसतो. तो दुपारभर ओसरीवर बसला. शेवटी जेवणवेळ झाली आणि वडिलांना त्याला ताट वाढावं लागलं. ताट वाढलं म्हणजे होकारच. तारहेलिया पुढे लोकांना सांगायची की मला मागणी घालायला कोणी आलंच नव्हतं, एक माणूस जेवायला आला तो गेला नाही.

खाणीचं काम सुटलं तेव्हा त्याचा डावा गुडघा गेलेला होता आणि हातात पुष्कळ ताकद शिल्लक होती. ती त्याने झाडाला लावली.

झाड त्याच्या आणि एर्मेलिंदाच्या शेताच्या मधल्या बांधावर होतं. कापुलीचं. कापुली म्हणजे आमच्या डोंगरातली चेरी. घोसाने लोंबते, आधी हिरवी, मग लाल, मग काळी. परदेशातली चेरी पाहून आलेले लोक म्हणतात, तिच्यात गर जास्त असतो. असेल. कापुलीच्या एका घोसातली फळं कधी एकदम पिकत नाहीत. देठाकडची काळी झाली तरी टोकाची लालच राहतात, आणि लाल फळ तोंडात टाकलं की जीभ आखडून टाळूला चिकटते. याला आमच्याकडे जीभ धरणं म्हणतात. काळी कापुली जीभ धरत नाही.

बांधावरच्या झाडाला गावात एकच कायदा होता. फळ दोन्ही घरांनी एकाच दिवशी, एकमेकांसमोर उतरवायचं. एकाने आधी हात घातला की दुसरा म्हणतो, मी का थांबू? तोही लाल फळं ओरबाडतो, आणि काळी कोणालाच मिळत नाहीत. दोन घरांचं दिवसावर जमलंच नाही, तर झाड तोडून सरपण निम्मं निम्मं वाटून घ्यायचं. अशी दोन झाडं गावात तोडली गेली होती. त्यांचे बुंधे अजून बांधावर होते, आणि लोक त्यांच्यावर बसून शेजाऱ्यांबद्दल बोलत.

अब्दोन खाणीत होता तोवर हे झाड एर्मेलिंदाचा नवरा ओल्मेदो उतरवायचा. ओल्मेदो मनाचा मोठा आणि हाताचा कच्चा. बूट घालून चढायचा, मूठभर घोस धरून हिसडायचा, लाल-काळं-हिरवं सगळं पानांसकट खाली यायचं. दर वर्षी एखादी फांदी मोडायचा. कापुलीचं लाकूड ठिसूळ असतं आणि मोडलेल्या फांदीच्या जागी फळ यायला वर्षं जातात. अब्दोन सणाला घरी यायचा, झाडाकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही, कारण त्याच ओल्मेदोच्या घरी त्याला जेवायचं असायचं. ओल्मेदोची एकुलती मुलगी नार्सिसा हिच्या बाप्तिस्म्याला अब्दोन धर्मपिता होता. त्यामुळे ती त्याला पाद्रिनो म्हणायची, एर्मेलिंदा त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. या नात्यात भांडतानासुद्धा अहो-जाहोच करावं लागतं.

पुढे ओल्मेदो वारला. झाडावरून पडून नाही, पोटाच्या दुखण्याने. वर्षभरात नार्सिसा स्पेनला कामाला गेली. अब्दोन खाणीतून घरी आला आणि झाड त्याच्याकडे आलं.

त्याने नियम केला की वर्षातून एकदाच चढायचं. अनवाणी. त्या एका चढण्यात सगळं झाड उतरवायचं, आणि ते करायचं तर दिवस बरोबर निवडायचा. हे कळण्यासाठी तो रोज सकाळी झाडाखाली जाऊन जमीन बघायचा. वर बघायचा नाही. वर बघणं हे लहान पोरांचं काम, असं त्याचं मत होतं, कारण खालून बघितलं की पानांच्या सावलीत सगळीच फळं काळी दिसतात. तो पाखरांनी टाकलेल्या बिया बघायचा. बीला गर चिकटलेला असेल तर फळ कच्चं. पाखराला तो सोडवता आला नाही, तर माणसाच्या जिभेला काय सुटणार? बिया स्वच्छ, धुतल्यासारख्या पडू लागल्या की मग तो आकडीने एक फांदी ओढायचा, एक फळ अंगठ्याने देठावर फिरवायचा. ओढायचं नाही, फिरवायचं. आपणहून हातात आलं तर आलं. देठाने धरून ठेवलं तर सलाम करून घरी जायचं.

एर्मेलिंदाची पद्धत याहून सोपी होती. कापुली कार्निव्हलला, म्हणजे ईस्टरआधीचे उपास लागण्यापूर्वीच्या सणाला, पिकते. कार्निव्हलच्या सोमवारी हुचो शिजतो, म्हणजे पीच, कापुली, दालचिनी आणि गूळ एकत्र उकळून वर थोडं पीठ लावलेलं गोड पातळ. हुचोला कापुली लागते. म्हणून सोमवारच्या आधी कापुली पिकलेली असते. देवाने इतका विचार केला नसेल का?

बहुतेक वर्षी दोघांच्या दिवसांत थोडंच अंतर पडायचं. चार शब्द व्हायचे आणि कोणीतरी मागे सरायचं. एका वर्षी तर दोघांचा दिवस एकच निघाला. त्या वर्षी दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग ते वर्ष आलं, ज्याची ही गोष्ट आहे. ईस्टर लवकर होता, म्हणून कार्निव्हल फेब्रुवारी लागताच येऊन उभा राहिला. आणि नार्सिसा येणार होती. स्पेनला गेल्यापासून पहिल्यांदा. ती तिथे एका म्हातारीला सांभाळायची. म्हातारीच्या मुलीने तिला सुट्टी दिली ती मोजूनमापून, कार्निव्हल संपून उपास लागतात त्या राखेच्या बुधवारी परतीचं विमान. फोनवर आईने विचारलं, काय करून ठेवू? नार्सिसा म्हणाली, काही नको. हुचो कर. आपल्या झाडाचा.

दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदा बांधावर आली. अब्दोन झाडाखाली वाकून बिया बघत होता.

"कोंपाद्रे, शनिवारी उतरवू," ती म्हणाली.

अब्दोनने एक बी उचलून तिच्या तळहातावर ठेवली. तिला गर चिकटलेला होता.

"कच्ची आहे, कोमाद्रे. कार्निव्हल लवकर आलाय."

"कार्निव्हल लवकर येत नसतो. तो चर्चच्या कॅलेंडरात छापलेला असतो. झाड उशीर करतंय."

"झाडाला कॅलेंडर वाचता येत नाही."

"तेच म्हणते मी. म्हणून त्याला सांगावं लागतं."

अब्दोन पुन्हा खाली वाकला. एर्मेलिंदा त्याच्या मागे उभी राहिली. मग तिने नार्सिसाचं सांगितलं. विमान कधी येतंय, कधी जातंय, आणि मुलीने सगळ्या जगातून काय मागितलंय, ते. अब्दोनने ऐकून घेतलं. त्याने अंगठ्याने एक फळ फिरवून दाखवलं. देठाने सोडलं नाही.

आठवडाभर हेच चाललं. ती बाजारात गेली आणि खालच्या गरम खोऱ्यातली कापुली वाडगाभर घेऊन आली. अब्दोनने एक फळ खाल्लं आणि तोंड फिरवलं. ती म्हणाली, बरं, बाजारची नको, मुलीने आपल्या झाडाची मागितली आहे. तो म्हणाला, आपल्या झाडाची नाहीच अजून. मग तिने भाच्याचं नाव काढलं. तिचा भाचा फाउस्तो याच्याकडे अॅल्युमिनियमची शिडी होती आणि ती वापरायला तो निमित्त शोधत असायचा.

"माझी बाजू मी उतरवून घेते," ती म्हणाली. "निम्मं झाड माझं आहे."

अब्दोन म्हणाला, घ्या. मग मला कुऱ्हाडीला धार लावावी लागेल.

तो हे रागाने म्हणाला नाही. कायदा तसा होता. दोघांनी एकदम झाडाकडे पाहिलं आणि मग एकदम दुसरीकडे. फाउस्तोच्या शिडीचं नाव पुन्हा निघालं नाही. पण एर्मेलिंदा त्यानंतर बांधावर आली नाही, आणि तारहेलियाने जेवायला वाढताना विचारलं, तुम्ही दोघं आता कोणत्या बुंध्यावर बसणार आहात?

शुक्रवारी नार्सिसा आली. संध्याकाळी ती एकटी पाद्रिनोकडे आली. अंगाने भरली होती, केस कापले होते, बोलताना काही शब्द तिकडच्यासारखे दातांत धरून बोलत होती. तिने त्याच्यासाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा आणला होता. तिच्या म्हातारीलाही तसाच आहे, म्हणाली. अब्दोनने तो लगेच बांधून बघितला, उठला, बसला, आणि ठीक आहे म्हणाला. त्याच्या तोंडून हे फार होतं.

तिने एकदाही झाडाचा विषय काढला नाही. शेवटी तो त्यालाच काढावा लागला.

"पिकली नाही," तो म्हणाला.

"आई म्हणाली."

"तू गेल्यावर पिकेल."

"बरं, पाद्रिनो."

तिने हट्ट केला असता तर त्याला सोपं गेलं असतं. हट्टाला नाही म्हणायची त्याला सवय होती. पण तिने तारहेलियाने दिलेले उकडलेले मक्याचे दाणे खाल्ले आणि स्पेनच्या गोष्टी सांगितल्या. तिथे बाजारात चेरी खोक्यात मिळते, सगळी फळं एकाच रंगाची, एकाच मापाची, आणि एकाच दिवशी पिकलेली. तिला पहिल्यांदा ती खोटीच वाटली. एकदा आठवण अनावर झाली म्हणून तिने ती चेरी आणि पीच दालचिनी घालून उकळले. म्हातारीने वाटी घेतली, सगळी संपवली, आणि विचारलं, हे कोणत्या दुखण्यावर आहे?

तारहेलिया हसली. नार्सिसाही हसली. अब्दोन हसला नाही. ती गेल्यावर तो बराच वेळ पट्ट्याचा बंद सैल करत आणि आवळत बसला.

शनिवारी सकाळी तो झाडाखाली गेला, पण त्याने जमीन बघितली नाही. त्याने वर बघितलं. मग तो झाडाभोवती फिरला, बांधाच्या या अंगाने, त्या अंगाने, खाणीत दगडाभोवती फिरायचा तसा. शेंड्याला, उगवतीच्या बाजूला, जिथे ऊन आधी पोचतं, तिथल्या घोसांत देठाजवळ एखाददुसरं फळ काळं होतं. घोसात एक. कुठे दोन. बाकी सगळं लाल. त्याला अजून एक गोष्ट ठाऊक होती आणि तो ती आठवायचं टाळत होता. घोस न तोडता एकेक फळ वेचता येतं. फक्त ते कोणी करत नाही, कारण दिवसभर झाडावर राहून हाताला काय लागणार? शिवाय पुढे झाड खरंच पिकलं की पुन्हा चढावं लागणार. म्हणजे एकाच झाडावर दोनदा. पडलेला चुरा गोळा करून त्याचा चिरा बांधणारा माणूस जर त्याला खाणीत दिसला असता, तर त्याने त्याला घरी पाठवलं असतं.

रविवारी उजाडताच त्याने गुडघ्याला पट्टा बांधला, टोपलीला दोर बांधला आणि बांधावरून हाक मारली. "कोमाद्रे, या. कायद्याला माणूस लागतं."

एर्मेलिंदा धावत आली. तिच्या हातात दोन मोठ्या टोपल्या होत्या आणि चेहऱ्यावर आठवडाभराचं बोलणं.

"मी म्हटलं नव्हतं? पिकली शेवटी."

"पिकली नाही. आपण उतरवत नाही आहोत. वेचतो आहोत."

"म्हणजे?"

"म्हणजे एक टोपली पुरे."

तो अनवाणी चढला. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि तसला गुडघा, पण चढण्यात एक हालचाल जास्त नव्हती. शेंड्याशी पोचून त्याने फांदीला पाठ टेकली, पहिला घोस हातात धरला आणि काळं फळ अंगठ्याने फिरवलं. सुटलं. टोपलीत टाकलं. शेजारचं फिरवलं. सुटलं नाही. सोडलं. पुढचा घोस.

एर्मेलिंदा खाली दोर धरून मान वर करून उभी होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, किती झाली? त्याने टोपली खाली सोडली. तळ दिसत होता.

"त्या शेजारची लाल घ्या की. जवळजवळ काळीच आहेत."

"जवळजवळ म्हणजे कच्ची."

"पातेल्यात शिजणार आहेत, कोंपाद्रे, वेदीवर नाही ठेवायची."

त्याने टोपली पुन्हा वर ओढली. वरून उत्तर द्यायचं तर श्वास खर्च होतो.

ऊन वर आलं. कार्निव्हलला आमच्याकडे लोकांवर पाणी आणि पीठ टाकतात, तशी रस्त्यावर पोरं बादल्या घेऊन फिरायला लागली. फाउस्तो त्यांच्यात होता, डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरा. त्याने मान वर करून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अब्दोनकाका, एकेक फळ उतरवताय? नाव विचारून घेताय का?"

"विचारतोय," वरून आवाज आला. "जी फाउस्तो नाव सांगतात ती कच्ची. ती सोडतोय."

पोरं फाउस्तोवर हसली. झाडावरच्या माणसावर पाणी टाकत नाहीत, ते त्याच्या जिवाला बरं नाही. झाडाखालच्या बाईबद्दल असा काही नियम नाही. दोन बादल्या एर्मेलिंदावर रिकाम्या झाल्या. ती जागची हलली नाही. दोर तिच्या हातात होता आणि टोपली वर होती. ओल्या शालीतून पाणी गळत असताना तिने फक्त विचारलं, सांडली तर नाही ना?

दुपारी तारहेलियाने दोघांना जेवण आणलं. एर्मेलिंदाने झाडाखाली खाल्लं. अब्दोनने वर, कारण खाली येऊन पुन्हा चढणं त्याने धरलंच नव्हतं. तारहेलियाने बटाटे टोपलीत घालून वर पाठवले आणि म्हणाली, चाळीस वर्षं मी याला गरम खायला घातलं, आणि आज पाखरासारखा खातोय.

संध्याकाळी तो उतरला तेव्हा त्याची बोटं जांभळी झाली होती. टोपली भरली नव्हती. एका पातेल्यापुरतं होतं, तेही लहान पातेल्यापुरतं. एर्मेलिंदाने सगळे नातेवाईक बोलावले होते. तिने टोपलीत बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, पीच जास्त घालीन. एकही फळ लाल नव्हतं. तिने घरी जाऊन दिव्याखाली एकेक तपासलं, हे तिने नंतर तारहेलियाला सांगितलं.

सोमवारी दुपारी हुचो झाला. नातेवाईकांना पीच मिळाले. नार्सिसाच्या वाटीत कापुली होती, आणि पाद्रिनोच्या वाटीत, कारण तो मानाचा. अंगणात कोरडी जागा बघून सगळे बसले. एर्मेलिंदा उभीच होती. अब्दोनने आपली वाटी हातात धरून ठेवली आणि नार्सिसाकडे बघत राहिला.

तिने एक चमचा घेतला. बी काढून वाटीच्या कडेला ठेवली. दुसरा घेतला. सावकाश सगळं खाल्लं. बिया स्वच्छ होत्या, धुतल्यासारख्या.

"छान आहे," ती म्हणाली.

एर्मेलिंदा आईच होती. "काय कमी आहे?"

"काही नाही. छान आहे. गोड आहे."

"मग?"

नार्सिसाने वाटीकडे बघितलं. "जीभ धरत नाही," ती म्हणाली. "बाबांची धरायची."

सगळ्यांनी अब्दोनकडे बघितलं. तिला वाईट वाटलं, आणि ती घाईने सांगायला लागली की हेच बरोबर आहे, पाद्रिनोने एवढा त्रास घेतला, बाबा सगळं एकत्र ओरबाडायचे ते तिला ठाऊक आहे. पण तिकडे रात्री आठवण यायची ती त्या आखडलेल्या जिभेची यायची. पहिल्या घोटाला तोंड वाकडं व्हायचं आणि बाबा हसायचे. तेवढंच.

अब्दोनने आपली वाटी संपवली. सोडणं म्हणजे वाया घालवणं. मग तो उठला, एर्मेलिंदाला हुचो बरा झालाय म्हणाला, आणि लंगडत घरी गेला. तारहेलियाने त्याच्या पायांना कोमट तेल लावलं. तो छताकडे बघत होता. म्हणाला, ओल्मेदोचं काम कच्चं होतं. तारहेलिया म्हणाली, हो. तो म्हणाला, कच्चंच होतं. तारहेलिया म्हणाली, हो म्हटलं ना.

मंगळवारी सकाळी बांधावरून पुन्हा हाक आली. एर्मेलिंदा टोपली घेऊन आली. कायद्याला माणूस लागतं, म्हणून अब्दोन स्वतः उभा होता, आणि त्याच्या हातात आकडी होती. त्याने नार्सिसाला बोलावून आणायला सांगितलं.

एर्मेलिंदाच्या बाजूची एक फांदी खाली होती. ओल्मेदो बहुधा त्याच फांदीपासून सुरुवात करत असावा. अब्दोनने आकडी अडकवली आणि ती वाकवली, इतकी की घोस नार्सिसाच्या छातीशी आले. लाल, टणक, टोकाला हिरवे. या फांदीसाठी झाडावर चढायची गरज नव्हती. ती आदल्या शनिवारीही इथेच होती, आणि एर्मेलिंदाने हात वर केला असता तरी पोचला असता. हे तिघांच्याही लक्षात आलं.

"ही कच्ची आहेत," अब्दोनने सांगितलं.

"हो, पाद्रिनो."

"जीभ धरतील."

"हो."

"फांदी अशी वाकवणं बरोबर नाही. मोडू शकते."

"मी लवकर करते."

तिने लवकर केलं नाही. ती एकेक घोस हातात घेऊन बघायची, एखादं फळ तोंडात टाकायची, तोंड वाकडं करायची आणि मग पुढचा घोस तोडायची. एर्मेलिंदा टोपली धरून उभी होती आणि मध्येच तीही एक खाऊन तोंड वाकडं करायची. अब्दोनचे खांदे रविवारचे दुखत होते. त्याने आकडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली नाही, कारण तेवढ्यात फांदी उसळली असती. तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. एर्मेलिंदाने त्याच्या तोंडासमोर एक लाल फळ धरलं. त्याचे हात गुंतलेले होते. त्याने तोंड उघडलं, फळ चावलं, आणि बी शेजारी थुंकली. तिला गर चिकटलेला होता.

"कच्ची," तो म्हणाला.

त्या दिवशी दुसऱ्यांदा हुचो झाला. मंगळवारी कधी हुचो झाल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. नार्सिसाने पहिला चमचा घेतला, डोळे मिटले आणि तिचं तोंड वाकडं झालं. एर्मेलिंदा हसली. बुधवारी कपाळाला राख लावून नार्सिसा गेली.

झाड महिना संपताना पिकलं. बिया स्वच्छ पडायला लागल्या, फळ अंगठ्याला आपणहून सुटायला लागलं, आणि अब्दोनने बांधावर जाऊन उद्या उतरवू म्हणून सांगितलं. एर्मेलिंदा म्हणाली, तुम्ही म्हणाल तेव्हा. तो एकदा चढला आणि सगळं झाड उतरवलं. खाली येऊन टोपल्या दोन घरांत वाटताना त्याने तिच्या बाजूच्या खालच्या फांदीकडे आकडीने खूण केली. ती यापुढे आपल्या हिशेबात धरायची नाही, म्हणाला. ती पिकत नाही.